यंत्र, चेहरा आणि नाव : बंद पडलेल्या जीपगाड्यांचे परदेशी वारस

मोटारीचे एखादे मॉडेल मूळ कंपनीने बंद केले, तरी ते जगातून लगेच नाहीसे होतेच असे नाही. दुसऱ्या देशात त्याचे उत्पादन परवान्याने चालू असेल, तर ते तिथे आणखी कित्येक वर्षे चालते. काही ठिकाणी त्याच गाडीत नवे इंजिन, नवा गिअरबॉक्स, नवे ब्रेक येत जातात आणि हळूहळू तिची वेगळी शाखा तयार होते. काही वेळा गाडी पूर्ण बंद झाल्यावर एखादी नवी कंपनी तशाच गुणांची गाडी मुळापासून घडवते. खडतर वाटांवर चालणाऱ्या, चारही चाकांना ताकद पोचवणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हे विशेष घडले आहे. या गाड्यांचे पत्रे सपाट असतात, त्यामुळे महागड्या साच्यांवाचून त्या बनवता येतात. लष्कर आणि सरकारी खाती त्यांची मागणी वर्षानुवर्षे टिकवून धरतात. बिघडल्या तर त्या साध्या गॅरेजमध्ये दुरुस्त होतात.

अशा गाड्यांचे तीन प्रकार पडतात. परवान्याने सुरू झालेले उत्पादन खंड न पडता बदलत गेले, तो पहिला प्रकार. मूळ कंपनीशी संबंध नसताना जुन्या गाडीचे गुण घेऊन नवी गाडी घडवली, तो दुसरा. नावाचा मालक तोच राहिला, पण नवी आवृत्ती वेगळ्या देशात बनू लागली, तो तिसरा. तिन्ही प्रकारांत जुन्या गाडीचा वारसा अखंड हाती येत नाही. यंत्ररचना, चेहरा आणि नाव असे त्याचे तीन वाटे होतात आणि ते बहुधा वेगवेगळ्या हातांत जातात. महाराष्ट्रात मुंबई, नाशिक, पुणे आणि रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यात ही वाटणी फार स्पष्ट दिसते.

मूळ गाडी

या घराण्याची आद्य गाडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलिज एमबी. अमेरिकी लष्कराने १९४० मध्ये हलक्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदवली. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने सादर केला. मोठे उत्पादन मात्र विलिज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांकडे गेले आणि १९४१ ते १९४५ या काळात दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. युद्धानंतर विलिजने याच गाडीची नागरी आवृत्ती सीजे-२ए या नावाने आणली. तिच्यामागून १९४९ मध्ये सीजे-३ए आणि १९५३ मध्ये सीजे-३बी आली.

भारताच्या दृष्टीने सीजे-३बी सर्वांत महत्त्वाची. तिच्यातल्या ‘हरिकेन’ इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर आणि बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बाजूला होता. आकारमान सुमारे २.२ लिटर होते. हे इंजिन आधीच्यापेक्षा उंच असल्याने बॉनेटही उंच करावे लागले. जुन्या मराठी चित्रपटांत आणि वृत्तपत्रांतल्या छायाचित्रांत दिसणारी उंच नाकाची जीप ती हीच. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. सीजे मालिका पुढे १९८६ पर्यंत चालली आणि तिची जागा रँग्लरने घेतली.

रचनेचा गाभा पाच गोष्टींचा होता. शिडीच्या आकाराची पोलादी चॅसी, तिच्यावर वेगळे बसवलेले धड, पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल आणि त्यांना धरणारे पाट्यांचे स्प्रिंग. पाचवा भाग म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली पेटी, म्हणजेच ट्रान्सफर केस. तिचा लीव्हर ओढला की इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडेही जाते. दुसऱ्या स्थितीत गाडीचा वेग कमी होऊन चाकांवरचा जोर वाढतो. चालक याला ‘लो’ टाकणे म्हणतात. ओल्या चढणीवर चाके न घसरता सावकाश चढणे आणि उतारावर ब्रेक न जाळता इंजिनाच्या आधाराने उतरणे या दोन्ही गोष्टी त्याने साधतात.

माझगाव ते नाशिक

जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. धंदा पोलादाचा होता. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. विलिज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला गाड्या जोडण्याचे काम त्याच दशकाच्या अखेरीस सुरू झाले. पहिली खेप ७५ गाड्यांच्या सुट्या भागांची होती. पुढे जोडणीकडून प्रत्यक्ष उत्पादनाकडे वाटचाल झाली आणि कांदिवलीचा कारखाना उभा राहिला.

या काळात अमेरिकेतला मालक वारंवार बदलत होता. विलिज १९५३ मध्ये कैसर कंपनीकडे गेली, जीपचा व्यवसाय १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सकडे आणि १९८७ मध्ये क्रायस्लरकडे गेला. तिकडे मालक आणि मॉडेल दोन्ही बदलत असताना मुंबईत जुनीच गाडी बनत राहिली. आयातीवरचे निर्बंध आणि परवाना पद्धती यांमुळे स्पर्धा जवळजवळ नव्हती. जुने साचे टिकून राहण्याचे तेच मुख्य कारण ठरले.

पण गाडी होती तशी राहिली असे नव्हे. भारतीय ग्राहकाला दोन गोष्टी हव्या होत्या: डिझेल आणि जास्त जागा. तेलाच्या दरवाढीनंतर पेट्रोलवर चालणारी जीप परवडेनाशी झाली. गॅरेजमध्ये ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवून घेण्याची प्रथा पडली. कंपनीने १९८० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने सुमारे २.१ लिटरचे डिझेल इंजिन घेतले आणि इगतपुरीला इंजिनांचा कारखाना उभारला. चॅसीही लांब होत गेली. सीजे-३बीच्या दोन चाकजोड्यांतले अंतर ८० इंच होते. मागे समोरासमोर बाके टाकून माणसे बसवायची तर ते पुरत नव्हते. एमएम-५४०, कमांडर, आर्माडा, क्लासिक अशा गाड्या या गरजेतून निघाल्या. ग्रामीण महाराष्ट्रात वडाप म्हणून धावलेल्या कमांडरच्या बहुतेक गाड्यांना चारही चाकांची ताकद नव्हतीच. जीपचे धड आणि चॅसी तेवढी टिकली आणि ट्रान्सफर केस वगळून खर्च वाचवण्यात आला.

नाशिकचा कारखाना १९८० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. तिथून बोलेरो (२०००) आणि स्कॉर्पिओ (२००२) या गाड्या आल्या तेव्हा जीपच्या जुन्या वाणाची बाजारातली जागा आकसली होती. ऑक्टोबर २०१० मध्ये ‘थार’ आली. तिचे धड सीजेच्या वळणाचे, मागचे स्प्रिंग पाट्यांचे, पुढची चाके मात्र स्वतंत्र निलंबनावर आणि इंजिन २.५ लिटरचे कॉमन रेल डिझेल. जुन्या गाडीला आधुनिक अंग जोडण्याचा हा संक्रमणाचा टप्पा होता. शेवटच्या ७०० गाड्या ‘थार ७००’ या नावाने २०१९ मध्ये विकून तो संपवण्यात आला.

दुसऱ्या पिढीची थार १५ ऑगस्ट २०२० रोजी दाखवण्यात आली आणि २ ऑक्टोबरला बाजारात आली. शिडीची चॅसी आणि ट्रान्सफर केस कायम राहिली, पण पाटे गेले आणि चारही कोपऱ्यांत कॉइल स्प्रिंग आले. मागचा अ‍ॅक्सल अखंड राहिला. २.० लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन १५० अश्वशक्तीचे आणि २.२ लिटरचे डिझेल १३० अश्वशक्तीचे. दोन्हींसोबत स्वयंचलित गिअरबॉक्सही मिळू लागला. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला चार तारे मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांवर चालणारी, १.५ लिटर डिझेलची स्वस्त आवृत्ती आली. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि लहान डिझेल इंजिन यांमुळे तिला कमी कराचा लाभ मिळत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या ‘थार रॉक्स’ने हे वाण कुटुंबाच्या गाडीत रूपांतरित केले. भारत एनकॅपच्या चाचणीत तिला पाच तारे मिळाले. १९४० च्या दशकातील रचनेशी तिचे यांत्रिक नाते आता चॅसी, मागचा अखंड अ‍ॅक्सल आणि लो गिअर एवढ्यापुरते आहे.

सह्याद्रीची कसोटी

अशी गाडी कशासाठी लागते याचे उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या अलोरे परिसरासारख्या भूगोलात आहे. चिपळूण तालुक्यातले हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, कुंभार्ली घाटाखाली वसले आहे. कोयनेचे घाटमाथ्यावर अडवलेले पाणी बोगद्यांतून कोकणात उतरवून वीज करण्याचा प्रकल्प १९५० च्या दशकात हाती घेतला गेला. पोफळीचे भूमिगत वीजगृह १९६२ मध्ये चालू झाले. तिसऱ्या टप्प्यात कोळकेवाडीला धरण आणि ३२० मेगावॉटचे वीजगृह झाले. अलोऱ्याची ओळख या प्रकल्पाच्या वसाहतीशी जोडली गेली आहे.

अशा कामांच्या काळात अभियंत्याला बोगद्याच्या तोंडापर्यंत, खाणीपर्यंत, मोजणीच्या खुणेपर्यंत नेणारे वाहन देशात मिळत होते ते मुख्यतः मुंबईला बनणारी जीप हेच. पाटबंधारे, बांधकाम, वन, पोलीस, आरोग्य या सगळ्या खात्यांची ओळख तिच्याशी जोडली गेली. कोकणातला पाऊस, शेवाळलेला कातळ, लाल चिखलाच्या तीव्र चढणी आणि अरुंद वळणे या परिस्थितीत लहान अंगाची, पुढचा-मागचा भाग कमी बाहेर आलेली आणि लो गिअरची गाडी उपयोगी पडते. वजन कमी असणे हाही गुण असतो, कारण जड गाडी मऊ मातीत खचते.

हीच कसोटी आधुनिक आवृत्त्यांना लावली तर चित्र संमिश्र दिसते. नवी थार ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते. तिचे ब्रेक, दिवे आणि सुरक्षितता जुन्या जीपपेक्षा कितीतरी वरच्या दर्जाची आहे. पण जुन्या सीजे-३बीपेक्षा ती रुंद आणि बरीच जड आहे. बिघाड झाल्यास निदानासाठी संगणक जोडावा लागतो आणि त्यासाठी अधिकृत वर्कशॉप गाठावे लागते. शिवाय घाटरस्ते आणि गावरस्ते डांबरी होत गेल्याने चारही चाकांची ताकद रोज लागणारा ग्राहक कमी झाला आहे. आंबा-काजूच्या बागा, चिरेखाणी, वनखात्याची आणि आपत्तीतली कामे एवढाच कोकणातला तिचा खरा कामाचा वाटा उरला आहे. उरलेली बहुतेक विक्री शहरी हौशी ग्राहकांची आहे आणि गाडीची घडण त्यांच्या आवडीने ठरते.

भारतातील इतर वारस

महिंद्र हे एकमेव उदाहरण नाही. जपानच्या निसान पॅट्रोलची साठच्या दशकातली रचना जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यात ‘जोंगा’ या नावाने बनत होती. जपानमध्ये ती पिढी १९८० पर्यंत संपली. भारतीय लष्करासाठी ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालू होती. तिचा आधुनिक अवतार मात्र आला नाही. ग्राहक मुख्यतः एकच, म्हणजे लष्कर, असल्याने त्याची गरज बदलताच वंश खुंटला.

मारुती जिप्सीची कथा वेगळी आहे. सुझुकी एसजे-४१० ची लांब आवृत्ती म्हणून ती १९८५ च्या अखेरीस गुडगावला (आताच्या गुरुग्रामला) बनू लागली. सुरुवातीला इंजिन ९७० सीसीचे होते, १९९६ पासून १.३ लिटरचे. जपानमध्ये ती पिढी १९९८ मध्ये बंद झाली आणि भारतात ती आणखी वीस वर्षे बनली. कमी वजन, चिवटपणा आणि सोपी दुरुस्ती यांमुळे लष्कर, पोलीस, अभयारण्यांतल्या सफारी आणि हिमालयातल्या मोटार शर्यती यांत तिचे स्थान पक्के झाले. ताडोबासारख्या व्याघ्रप्रकल्पात उघड्या जिप्सीतून जंगल पाहणे रूढ झाले. नव्या सुरक्षा नियमांत ती बसत नसल्याने २०१९ पर्यंत सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. २०२३ मध्ये याच घराण्यातली पाच दारांची जिम्नी गुरुग्राममध्ये बनू लागली. तीही शिडीच्या चॅसीवर आणि दोन्ही अखंड अ‍ॅक्सलवर उभी आहे. भारतात तिची विक्री मर्यादित राहिली, पण जानेवारी २०२५ मध्ये भारतात बनलेली हीच गाडी ‘जिम्नी नोमेड’ या नावाने जपानमध्ये आली, तेव्हा चार दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या नोंदल्या गेल्या आणि नोंदणी थांबवावी लागली. मूळ देशाने आपल्याच गाडीची परदेशी घडणीची आवृत्ती आयात केली, असा हा दुर्मीळ प्रसंग.

पुण्याच्या बजाज टेंपोने, म्हणजे २००५ नंतरच्या फोर्स मोटर्सने, तिसरी वाट धरली. मर्सिडीजच्या जुन्या ओएम-६१६ डिझेल इंजिनाचा परवाना तिच्याकडे होता. त्याच्या आधाराने ऐंशीच्या दशकात ‘ट्रॅक्स’ आली आणि वडापच्या धंद्यात कमांडरची स्पर्धक झाली. ट्रॅक्सच्या पायावर उभी राहिलेली ‘गुरखा’ ही सत्तरच्या दशकाअखेरच्या मर्सिडीज जी-वॅगनची आठवण करून देणारी, चौकोनी काचांची गाडी आहे. २०२१ मध्ये ती नव्याने घडवली गेली आणि २०२४ मध्ये तिला पाच दारांच्या आवृत्तीची जोड मिळाली. पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलचे डिफरेन्शियल चालकाला हाताने कुलूपबंद करता येणे ही तिची खासियत. एक चाक हवेत तरंगत असले तरी दुसऱ्याला पूर्ण ताकद मिळते. हिचे यंत्र परवान्यातून आले, चेहरा प्रेरणेतून आला आणि नाव स्वतःचे आहे.

जगातील समांतर उदाहरणे

जपानच्या मित्सुबिशीने १९५३ पासून जीपची जोडणी सुरू केली आणि सीजे-३बीच्या वळणाची गाडी १९९८ पर्यंत बनवली. अमेरिकेत ती बंद होऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती. कोरियात सीजे-७ च्या वळणाची कोरांडो १९९० च्या दशकापर्यंत चालली. ती बनवणारी सँगयाँग कंपनी २०११ मध्ये महिंद्रनेच विकत घेतली होती, पुढे ती हातातून गेली. स्पेनच्या सांताना कंपनीने लँड रोव्हरची रचना मूळ कंपनीशी करार संपल्यानंतरही वापरली आणि इव्हेकोने २००७ मध्ये तिच्यातून ‘मासिफ’ काढली. विक्री न झाल्याने ती काही वर्षांतच संपली.

सर्वांत गाजलेले अलीकडचे उदाहरण लँड रोव्हर डिफेंडरचे. तिचा उगमही जीपमध्ये आहे. मॉरिस विल्क्स यांनी वेल्समधल्या आपल्या शेतावर लष्करातून निघालेली जीप वापरली, तिच्याच चॅसीवर पहिला नमुना बांधला आणि १९४८ मध्ये लँड रोव्हर जगापुढे आली. २००८ पासून ही कंपनी टाटा मोटर्सच्या मालकीची आहे. जुन्या डिफेंडरचे उत्पादन इंग्लंडमधल्या सोलिहल येथे २९ जानेवारी २०१६ रोजी थांबले. त्यानंतर वारशाच्या दोन वाटा झाल्या.

नाव टाटांच्या कंपनीकडे राहिले. तिने स्लोव्हाकियातल्या नित्रा येथे नवी डिफेंडर बनवायला सुरुवात केली. हिच्यात शिडीची चॅसी नाही आणि अखंड अ‍ॅक्सलही नाहीत. धड आणि चॅसी एकसंध अ‍ॅल्युमिनियमचे असून चारही चाके स्वतंत्र निलंबनावर आहेत. नाव तेच, यंत्र पूर्ण वेगळे. दुसरी वाट रसायन उद्योगातले धनाढ्य जिम रॅटक्लिफ यांनी धरली. त्यांच्या इनिऑस कंपनीने फ्रान्समधला हॅम्बाखचा मर्सिडीजचा कारखाना विकत घेतला आणि ऑक्टोबर २०२२ पासून तिथे ‘ग्रेनेडियर’ बनवायला घेतली. शिडीची चॅसी, अखंड अ‍ॅक्सल, इंजिन बीएमडब्ल्यूचे, गिअरबॉक्स झेडएफचा. जुन्या डिफेंडरचे यंत्रशास्त्र हिने उचलले आणि चेहराही बराचसा तसाच ठेवला.

जुन्या डिफेंडरचा आकार व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याचा प्रयत्न जॅग्वार लँड रोव्हरने केला होता. हा आकार पुरेसा वेगळा नाही, या कारणावरून ब्रिटनच्या नोंदणी कार्यालयाने तो फेटाळला आणि ऑगस्ट २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ग्रेनेडियरचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. त्याच वर्षी अमेरिकेत जवळजवळ उलट निर्णय लागला, तो महिंद्रच्या विरोधात.

रॉक्सरचा वाद

महिंद्रने मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत ‘रॉक्सर’ आणली. ती मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्सला जोडली जात होती. तेव्हा जीपचा मालक असलेल्या फियाट क्रायस्लरचे अमेरिकी मुख्यालयही त्याच शहरात होते. पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, पाट्यांचे स्प्रिंग, २.५ लिटरचे ६२ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आणि पाच गिअर अशी तिची घडण होती. थारपेक्षाही ती जुन्या सीजेला जवळची होती. रस्त्यावरच्या मोटारींचे प्रदूषण व सुरक्षा नियम तिला लागू होऊ नयेत म्हणून ती शेतात व मैदानात चालवायचे वाहन म्हणून विकली जात होती आणि तिचा वेग ताशी ४५ मैलांपर्यंत मर्यादित होता.

फियाट क्रायस्लरने १ ऑगस्ट २०१८ रोजी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. मुद्दा यंत्राचा नव्हता. सत्तर वर्षांपूर्वीच्या रचनेवर पेटंटची सत्ता उरलेली नव्हती, त्यामुळे चॅसी, अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस कोणीही बनवू शकत होते. वाद चेहऱ्याचा होता. बाजूंनी सपाट चौकोनी धड, पुढे निमुळते होत जाणारे आणि बाजूंना खिट्या असलेले बॉनेट, पुढच्या चाकांवरच्या समलंब चौकोनी कमानी, उभ्या खाचांची सपाट ग्रील आणि गोल दिवे, दारांची विशिष्ट कापणी, ही सगळी मिळून जीपची ओळख असल्याचा कंपनीचा दावा होता.

महिंद्रची बाजू दोन आधारांवर उभी होती: चाळीसच्या दशकात विलिजकडून मिळालेला परवाना आणि क्रायस्लरशी २००९ मध्ये ग्रीलबाबत झालेला करार. नोव्हेंबर २०१९ मध्ये आयोगाच्या न्यायाधीशांनी नोंदणीकृत ग्रीलच्या चिन्हांचा भंग झाला नसल्याचे म्हटले, पण एकूण रूपाचे अनुकरण झाल्याचा निष्कर्ष काढला. जून २०२० मध्ये आयोगाने या रूपातल्या रॉक्सरच्या आयातीवर आणि विक्रीवर बंदी घातली. महिंद्रने पुढचा भाग बदलून नवी रॉक्सर आणली आणि डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने ती भंग करणारी नाही असे ठरवले. त्यानंतरही न्यायालयांत वाद चालू राहिला. ऑस्ट्रेलियात थार आणण्याच्या हालचालींनाही फियाट क्रायस्लरच्या उत्तराधिकारी कंपनीने आव्हान दिले. २०२१ मध्ये महिंद्रने तत्कालीन थार पूर्वसूचनेशिवाय तिथे न विकण्याची हमी न्यायालयात दिली.

एकाच चेहऱ्याची गाडी नाशिकमध्ये निर्वेध बनते आणि मिशिगनमध्ये अडते, याचे कारण व्यापारचिन्हाचा हक्क देशागणिक वेगळा असतो हे आहे. भारतात महिंद्रची गाडी पिढ्यान्‌पिढ्या ग्राहकांच्या डोळ्यांसमोर होती. अमेरिकेत ती ओळख जीपच्या मालकाची होती. दरम्यान जीपचा मालकही महाराष्ट्रात आला. पुण्याजवळच्या रांजणगावला २०१७ पासून जीप कंपास बनू लागली आणि २०२१ पासून रँग्लरची जोडणी होऊ लागली. सीजेचे दोन वंशज, एक रक्ताच्या नात्याने आणि दुसरा नावाच्या हक्काने, एकाच राज्यात तयार होतात.

नियमांचे बंधन

जुनी रचना किती काळ जगेल हे शेवटी नियमांवर ठरते. ऑक्टोबर २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या जुन्या मॉडेलांनाही धडक चाचणीची अट लागू झाली. त्याच वर्षी एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग बंधनकारक झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण निकष आले. दुमडणारी समोरची काच, कापडी हूड आणि उघडे दरवाजे असलेल्या धडात हे सगळे बसवणे म्हणजे गाडी नव्याने आखणेच होते. जिप्सी आणि पहिली थार यांचा शेवट या नियमांनी केला, तर दुसऱ्या थारचा जन्मही त्यांनीच घडवला.

रस्त्यावर असलेल्या जुन्या गाड्यांनाही मर्यादा आल्या. १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होऊ लागली आणि खात्यांच्या आवारात उभ्या असलेल्या कितीतरी जीपगाड्या भंगारात निघाल्या. ५० वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली. अशा गाड्या प्रदर्शनासाठी रस्त्यावर आणता येतात, रोजच्या वापरासाठी नाही.

या दोन टोकांच्या मध्ये रूपांतराचा धंदा आहे. जुन्या चॅसीवर नवे धड, मोठे टायर, वेगळे इंजिन बसवून ‘विलिज’ तयार करून देणारी गॅरेजे देशभर आहेत. हरियाणातली मंडी डबवाली त्यासाठी प्रसिद्ध आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांमुळे कारखान्याने दिलेल्या मूळ विनिर्देशात परवानगीशिवाय बदल करता येत नाही. असे रूप हवे असेल तर आता कायदेशीर मार्ग कारखान्यातूनच जातो. नव्या थारची विक्री वाढण्याचे हेही एक कारण असावे.

पुढील टप्पा

विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे ही वाटणी आणखी पुढे गेली आहे. महिंद्रने १५ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनला ‘थार-ई’चा नमुना दाखवला. विजेच्या गाडीत प्रत्येक अ‍ॅक्सलला वेगळी मोटर देता येते. तेव्हा ट्रान्सफर केस लागत नाही आणि लो गिअरचे काम मोटरचा सुरुवातीपासूनचा जोर करतो. बॅटरी तळाशी पसरत असल्याने शिडीच्या चॅसीचे प्रयोजनही कमी होते. उतारावर वेग रोखताना बॅटरी थोडी भरते, ही घाटरस्त्यांसाठी जमेची बाजू. जड बॅटरीचे वजन आणि दुर्गम भागातली चार्जिंगची अडचण या खर्चाच्या बाजू.

माझगावला जोडलेल्या पहिल्या गाड्यांत यंत्र, चेहरा आणि नाव तिन्ही विलिजचे होते. बदललेल्या रॉक्सरने यंत्र राखून चेहरा सोडला आणि नित्राच्या डिफेंडरने नाव राखून यंत्र सोडले. ग्रेनेडियरने यंत्र आणि चेहरा घेतला, पण नावाला हात लावता आला नाही. विजेच्या थारमध्ये पूर्वजांचे यंत्र अजिबात उरणार नाही. टिकेल तो चेहरा, आणि नाव महिंद्रचे स्वतःचे. बंद पडलेल्या गाडीची परदेशी आवृत्ती खरी की नक्कल, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसते. तीन वाट्यांपैकी कोणता कोणाकडे गेला, हे प्रत्येक गाडीसाठी वेगळे तपासावे लागते.